माळ्यावरचा कॉन्सन्ट्रेटर, कपाटातलं सीपॅप: श्वासाची जुनी यंत्रं घराबाहेर कशी काढायची

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी लोकांनी सांगेल ती किंमत मोजली. कुणाच्या मुलीने परदेशातून पाठवला, कुठे भावाभावांनी मिळून एक घेतला, काही सोसायट्यांनी वर्गणी काढून क्लबहाउसमध्ये आणून ठेवले. लाट ओसरली, यंत्रं राहिली. झोपेत श्वास अडकणाऱ्यांची, मास्कमधून दाबाने हवा देणारी सीपॅप, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या पेशंटची तशीच बायपॅप, नातवंडांचे नेब्युलायझर, सक्शन मशीन, ऑक्सिमीटर हे सगळं त्यात मिळवा. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ते खाली उतरतं, फडक्याने पुसलं जातं आणि पुन्हा माळ्यावर चढतं.

मी आमच्या भागातल्या एका रुग्णोपयोगी साहित्य केंद्राची नोंदवही सांभाळते, त्यामुळे अशी यंत्रं घेऊन येणारे लोक नेहमीच्या पाहण्यातले. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "हे कुठे द्यायचं?" माझ्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. यंत्र दिसायला एक असलं तरी टाकताना त्याचा कचरा चार प्रकारचा असतो. नाकातोंडाला लागणारे भाग वेगळे, बॅटरी वेगळी, दाबाखालचा वायू वेगळा आणि मोटर-सर्किटचा डबा वेगळा. अख्खं यंत्र आहे तसं उचलून कुणाच्या तरी हवाली केलं की गडबड होते. भंगारवाल्याला दिलं तरी होते आणि "गरजू पेशंटला" दिलं तरी बरेचदा होतेच.

आधी बघा, यंत्र तुमचं आहे का

हास्यास्पद वाटेल, पण इथेच बऱ्याच गोष्टी सुटतात. ऑक्सिजन सिलिंडर आणि कॉन्सन्ट्रेटर बरेचदा भाड्याने आणलेले असतात. आजारपणाच्या धावपळीत डिपॉझिट कुणी भरलं, पावती कुठे गेली, कुणाच्याच लक्षात राहत नाही. पेशंटची फाइल उघडा, डिस्चार्ज कार्डाच्या मागे खोचलेले कागद बघा, त्या महिन्यातले ऑनलाइन पेमेंट तपासा. यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला पुरवठादाराचं स्टिकर असतं, तेही वाचा. भाड्याचं यंत्र परत केलं की डिपॉझिटही मिळतं आणि विल्हेवाटीचा प्रश्नही मिटतो.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यांतून यंत्र मिळालं असेल तर मंजुरीचा कागद आणि त्या वेळी लिहून दिलेलं हमीपत्र काढा. गरज संपल्यावर यंत्र परत करायची अट त्यात असू शकते. पुण्यात निवृत्त लष्करी आणि केंद्र सरकारी कुटुंबं भरपूर, म्हणून मुद्दाम सांगते. अशी वस्तू परस्पर विकणं किंवा दान करणं योग्य नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

तिसरा प्रकार देणगीच्या यंत्रांचा. २०२१ मध्ये एमसीसीआयए ही उद्योग-व्यापारी संघटना आणि पुण्यातल्या उद्योजकांच्या पुढाकाराने 'मिशन वायू'खाली सिंगापूरहून कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप आणले गेले. इतर अनेक ट्रस्टनी आणि कंपन्यांनीही यंत्रं वाटली. सोसायटीच्या ऑफिसात पडलेल्या यंत्रावर एखाद्या संस्थेचं नाव असेल तर आधी त्या संस्थेला कळवा. त्यांच्या हिशोबात ते यंत्र अजून जिवंत असतं.

चालतंय का, आणि दुसऱ्याला चालेल का

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बटण दाबलं, दिवा लागला, घरघर सुरू झाली, एवढ्यावर लोक म्हणतात, "एकदम चालू कंडिशन!" कॉन्सन्ट्रेटरच्या बाबतीत ही घरघर काहीच सांगत नाही.

कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन गाळून ऑक्सिजन पुढे सोडतो. हे काम आतल्या दोन नळकांड्यांतले झिओलाइटचे बारीक दाणे करतात. टेक्निशियन त्याला सीव्ह बेड म्हणतात. या दाण्यांचा शत्रू म्हणजे दमटपणा. यंत्र महिनोन् महिने बंद पडून राहिलं, वरून पुण्याचे पावसाळे गेले, की दाणे ओल धरतात आणि नायट्रोजन धरून ठेवण्याची त्यांची ताकद जाते. यंत्र चालू होतं, नळीतून वारा येतो, पाण्याच्या ग्लासात नळी बुडवली तर झकास बुडबुडेही येतात. पण तो वारा साध्या हवेपेक्षा फार वेगळा नसतो. चांगल्या स्थितीतल्या यंत्रातून साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन यायला हवा. बऱ्याच यंत्रांत तो ८२ टक्क्यांच्या आसपास घसरला की अलार्म वाजतो, पण जुन्या किंवा स्वस्त यंत्रातला सेन्सरच बिघडलेला असेल तर तोही गप्प राहतो.

म्हणून देण्याआधी चाचणी करून घ्या. सर्जिकल सामानाच्या दुकानदाराकडे किंवा सर्व्हिस टेक्निशियनकडे ऑक्सिजन ॲनलायझर असतो. यंत्र १५-२० मिनिटं पूर्ण फ्लोवर चालवून मग आकडा बघायचा. मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र पाच लिटरवरच तपासायचं. एक लिटरवर बिघडलेलं यंत्रही चांगला आकडा दाखवतं. पॅनेलवर किंवा मागे तासांचं मीटर असतं, ते यंत्र एकूण किती चाललं ते सांगतं. दोन्ही आकडे तारखेसकट कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. आमच्या केंद्रात असा कागद लावलेलं यंत्र आलं की पुढच्याचं निम्मं काम झालेलं असतं.

चाचणीत नापास झालं तर? सीव्ह बेड बदलता येतात, पण खर्च भरपूर असतो आणि कोविडकाळात घाईने आयात झालेल्या कित्येक ब्रँडचे सुटे भाग आता मिळतच नाहीत. अशा यंत्राचा मोह सोडा आणि ते सरळ ई-कचऱ्याच्या वाटेला लावा. "निदान थोडा तरी ऑक्सिजन मिळेल" म्हणून ते गावाकडे पाठवू नका. तिथे ॲनलायझर नसतो आणि पेशंटचा समज मात्र असा असतो की आपल्याला ऑक्सिजन लागलाय.

सीपॅप-बायपॅपचं वेगळं. जून २०२१ मध्ये फिलिप्सने सीपॅप, बायपॅप आणि व्हेंटिलेटरची बरीच मॉडेल्स परत बोलावली होती. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली पहिल्या पिढीची ड्रीमस्टेशन यंत्रं त्यात होती. उष्ण-दमट हवा आणि ओझोनने साफ करण्याची पद्धत यांनी फोम अजून लवकर खराब होतो. तुमचं यंत्र याच काळातलं असेल तर खालच्या पट्टीवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत विक्रेत्याकडे तपासा. रिकॉलमधलं, दुरुस्त न झालेलं यंत्र दान करायचं नाही, विकायचंही नाही. काळे कण दिसत नाहीत म्हणून यंत्र चांगलं आहे, असंही होत नाही.

यंत्र निर्धोक निघालं तरी त्यावरचा दाब तुमच्या वडिलांसाठी लावलेला असतो. सीपॅपचा दाब सर्वसाधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हे दाब मोजायचं एकक) या मर्यादेत असतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. नव्या पेशंटने आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे टेक्निशियनकडून तो नव्याने लावून घ्यायला हवा. यंत्र देताना हे तोंडी नका सांगू, लिहून द्या.

नेब्युलायझर स्वस्त, म्हणून सहज दिला-घेतला जातो. कॉम्प्रेसर चांगला असेल तर द्यायला हरकत नाही. कप, मास्क आणि नळी मात्र कधीही देऊ नका. नवा सेट बाजारात सहज मिळतो आणि फारसा महागही नसतो.

देण्यासाठी पुण्यात जागा कमी नाहीत. जनकल्याण समितीपासून रोटरी, लायन्स आणि जैन ट्रस्टपर्यंत बरेच जण रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर वापरायला देतात. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: तुम्ही ही वस्तू घेता का, तुमच्याकडे तपासणारं कुणी आहे का, आणि बिघडलेली निघाली तर तुम्ही तिचं काय करता. तिसऱ्या प्रश्नाला गडबडलेलं उत्तर आलं तर समजा की तुमचा माळा त्यांच्या गोदामात जाणार आहे.

आतली माहिती

सीपॅपमध्ये बाजूला एक छोटी झडप असते, तिच्या मागे एसडी कार्ड. रोज किती तास यंत्र वापरलं, श्वास किती वेळा अडकला, मास्कमधून हवा किती गळली, हे सगळं त्यात असतं. काढून टाकण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा. पेशंट नवं यंत्र घेणार असेल तर जुन्या नोंदी उपयोगी पडतात. कार्ड कॉम्प्युटरला लावून नोंदी कॉपी करून ठेवा आणि कार्ड घरीच ठेवा.

काही यंत्रांत मोबाइल मोडेम असतो, तो परस्पर कंपनीच्या सर्व्हरवर आकडे पाठवतो. त्यामुळे ॲपमधलं खातं बंद करा आणि विक्रेत्याला सीरियल नंबर कळवून यंत्र पेशंटच्या नावावरून उतरवायला सांगा. नाहीतर उद्या दुसऱ्याच माणसाची झोप तुमच्या आईच्या नावाने डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसेल. मग यंत्राच्या मेनूतून पेशंटची माहिती पुसा. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर लिहिलेलं हॉस्पिटलचं स्टिकर असेल तर ते खरवडा. सीरियल नंबरची पट्टी मात्र शाबूत ठेवा.

सोडवणं आणि साफ करणं

आता खरं हाताने करायचं काम. बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीपाशी जुने पेपर अंथरा, मास्क आणि हातमोजे घाला. प्लग काढलेला असू दे.

सीपॅपचं पाण्याचं भांडं, म्हणजे ह्युमिडिफायर चेंबर, ओढून काढा. कंपन्या डिस्टिल्ड पाणी वापरा सांगतात, पण वाघोली-उंड्रीकडे टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरांतून आलेल्या चेंबरमध्ये पाण्याच्या पातळीला क्षाराची पांढरी रेघ बसलेली असते, बोटाने खरबरीत लागते आणि तळाच्या धातूच्या पत्र्यावर पिवळट थर असतो. कधी कडेला काळे-हिरवे ठिपके दिसतात. ती बुरशी. असं चेंबर, नळी आणि मास्क पुढे कुणालाही द्यायचं नाही.

मग फिल्टर. सीपॅपच्या मागच्या बाजूला पत्त्याएवढी झडप असते, आत पांढरा किंवा करडा कापडी चौकोन. कॉन्सन्ट्रेटरला बाजूला स्पंजची जाळी आणि आत आणखी एक फिल्टर. वर्षानुवर्षं न धुतलेला स्पंज सुकून बोटांत भुगा होतो, म्हणून तो झटकू नका. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत टाका.

नाकातोंडाला लागलेले भाग म्हणजे मास्क, नळी, नेझल कॅन्युला (नाकात लावायची ऑक्सिजनची नळी), नेब्युलायझरचा कप, सक्शनची बाटली. आधी साबणाच्या पाण्याने धुवा. पेशंटला क्षयरोग किंवा दुसरा संसर्ग असेल किंवा सक्शनची बाटली असेल तर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० मिनिटं बुडवा. बाजारात ते ५ टक्क्यांच्या आसपास मिळतं. तसं असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी घ्यायचं, पण आधी बाटलीवरचा आकडा वाचा. यात टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. आधीच ज्या घरात दम्याचा पेशंट आहे तिथे हे जिवावर बेतू शकतं. धातूचे भाग यात बुडवायचे नाहीत, ते गंजतात.

सुकल्यावर मास्कचे पट्टे कापा, नळीचे दोन-तीन तुकडे करा, म्हणजे कुणी उचलून पुन्हा वापरणार नाही. पेपरात गुंडाळून, पुण्यात सॅनिटरी पॅडसाठी वापरतात तसा वर लाल ठिपका काढून, ही पुडी कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते सांगा. ओल्या-सुक्यात मिसळलं तर ती पिशवी त्यांना हाताने उपसावी लागते. हॉस्पिटलमधली लाल-पिवळी पिशव्यांची व्यवस्था जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांखाली चालते आणि ती गाडी आपल्या दारात येत नाही. घरी नर्सिंग सेवा चालू असेल, ट्रॅकिओस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या) नळ्या, सुया, रक्ताळलेला कापूस असेल तर त्याच हॉस्पिटलला किंवा नर्सिंग एजन्सीला हा कचरा परत घ्यायला सांगा. सुरुवातीलाच करारात लिहून घेतलं तर उत्तम.

यंत्राचा डबा बाहेरून किंचित ओल्या फडक्याने, वाटल्यास स्पिरिटने पुसा. स्क्रू काढू नका. कॉन्सन्ट्रेटर उघडून झिओलाइट बाहेर काढायचा उद्योग काही हौशी मंडळी व्हिडिओ बघून करतात. त्याची बारीक धूळ डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास देते, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विद्युतभार राहू शकतो.

सिलिंडर: इथे घाई नको

मेडिकल ऑक्सिजनचा सिलिंडर अंगाने काळा आणि खांद्यापाशी पांढरा असतो. घरात सहसा 'बी टाइप' असतो, १० लिटर पाणी मावेल एवढा. भरलेला असताना त्यात साधारण १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने दीड हजार लिटर वायू कोंबलेला असतो. 'संपलेल्या' सिलिंडरमध्येही थोडा दाब उरतोच.

तो भंगारात जात नाही. गॅस कटरने कापताना आत ऑक्सिजन उरलेला असेल तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे बाद झालेला सिलिंडर चपटा करून किंवा तुकडे करून निकामी करायचा असतो, आणि हे काम अधिकृत चाचणी केंद्राचं. दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी बंधनकारक असते. तिची तारीख, सिलिंडरचा नंबर आणि रिकामं वजन खांद्यावर ठोकलेलं असतं. रंगाचे पापुद्रे निघालेले असतील तर टॉर्च तिरका धरा, अक्षरं दिसतात. या पट्ट्याचा फोटो काढा.

मग वाल्व्ह घट्ट बंद करा, रेग्युलेटर आणि पाण्याची बाटली काढा, टोपी असेल तर बसवा. वाल्व्ह अडकला असेल तर तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाचा संबंध आला तर आग लागू शकते. देवघराजवळ, उदबत्ती-समईजवळ किंवा गॅसजवळ हे काम करू नका. उरलेला वायू "मोकळा करून टाकू" म्हणून खोलीत सोडू नका, पडदे आणि गाद्या ऑक्सिजन धरतात आणि मग चटकन पेट घेतात. ज्याच्याकडून आणला त्याला फोटो पाठवून परत द्या. तो विक्रेता बंद झाला असेल तर शहरातल्या दुसऱ्या मेडिकल गॅस विक्रेत्याला विचारा. मालकीचा सिलिंडर असेल आणि चाचणीची मुदत टळली नसेल तर ते आनंदाने घेतात. पावतीवर सिलिंडरचा नंबर लिहून घ्या. त्यांनाच न्यायला बोलवा. स्कूटरच्या पायाशी आडवा ठेवून सिलिंडर नेणारे महाभाग मी पाहिलेत. वाल्व्ह तुटला तर तो सिलिंडर भिंत फोडू शकतो.

कोविडकाळात आलेले ऑक्सिजनचे छोटे स्प्रे कॅन उघड्या हवेत पूर्ण रिकामे करा आणि न ठेचता द्या.

बॅटऱ्या

ऑक्सिमीटरच्या पेन्सिल सेलपासून पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटरच्या लिथियम पॅकपर्यंत सगळ्या वेगळ्या काढा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. लिथियम पॅकच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक पॅक वेगळ्या पिशवीत ठेवा. फुगलेला पॅक दाबू नका, चार्ज करू नका. कोरडी वाळू भरलेल्या डब्यात ठेवून लवकरात लवकर संकलन करणाऱ्याला द्या. कॉन्सन्ट्रेटरसाठी घेतलेला इन्व्हर्टर असेल तर त्याची शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, पैसेही वजा होतात.

विसरून गेलेला ऑक्सिमीटर उघडून बघा. सेल गळून आत पांढरी पूड धरलेली असेल तर ती उघड्या हाताने खरवडू नका.

उरलेला डबा: ई-कचरा

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत वैद्यकीय उपकरणं आहेत, फुप्फुसाचे व्हेंटिलेटर तर नावानिशी. मात्र शरीरात बसवलेली आणि संसर्गित उपकरणं त्यातून वगळलेली आहेत. वरचा साफसफाईचा सगळा खटाटोप यासाठी. मळका मास्क लटकणारं यंत्र रिसायकलर नाकारू शकतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

भंगारवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही. आपल्या शहराचा निम्मा पसारा तोच उचलतो. पण कॉन्सन्ट्रेटर किलोवर घेतला की त्याला हवी असते कॉम्प्रेसरमधली तांब्याची गुंडाळी आणि ॲल्युमिनियम. तारांचं प्लास्टिक कुठेतरी जाळलं जातं, पीव्हीसीच्या त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं असतात, आणि सर्किट बोर्ड ॲसिडच्या बादलीत जातो. मिळणाऱ्या पैशांतून एक चांगलं जेवणही होत नाही. दुसरा धोका मंगळवार पेठेतला जुना बाजार. तिथे पुसून-पुसून मांडलेलं नापास यंत्र कुणीतरी पेशंटसाठी स्वस्तात घेऊन जातं. म्हणून बिघडलेलं यंत्र बाहेर काढताना वायर मुळापासून कापा आणि डब्यावर मार्करने ठळक लिहा: "बाद. पेशंटसाठी वापरू नये."

मार्ग कोणते? पहिला, कंपनी. उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आहे, म्हणजे वापरून झालेल्या वस्तूची विल्हेवाटही त्यांच्याकडे येते. त्यामुळे कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करून जुनं यंत्र घेण्याची व्यवस्था विचारा. नवं यंत्र घेत असाल तर विक्रेत्याशी आधीच बोला, बदल्यात घेणारे आहेत. कोविडकाळातल्या बिननावाच्या यंत्रांना मात्र हा मार्ग नाही, कारण आणणारी कंपनीच सापडत नाही.

दुसरा मार्ग 'स्वच्छ'चा. कचरावेचकांची ही सहकारी संस्था व्ही-कलेक्ट उपक्रमातून ई-कचरा आणि जुन्या वस्तू गोळा करते. तुमच्या ताईंनाच विचारा, त्या पुढचा दुवा सांगतात. पूर्णम इकोव्हिजनसारख्या पुण्यातल्या संस्थाही ई-कचरा संकलनाचं काम करतात. आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकांना विचारलं तर तुमच्या प्रभागात पालिकेचं संकलन कधी-कुठे आहे ते कळतं. पिंपरी-चिंचवडकरांनी आपल्या पालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारावं.

तिसरा, थेट नोंदणीकृत रिसायकलर. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर याद्या असतात. एका नेब्युलायझरसाठी त्यांचा टेंपो येणार नाही, पण सोसायटीने मिळून बोलावला तर येतो. "आम्ही ई-वेस्ट घेतो" असं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी क्रमांक विचारा आणि यादीत ताडून बघा. टाळाटाळ केली की विषय संपला.

देताना पावती घ्या: तारीख, वस्तू, सीरियल नंबर. सीजीएचएसची वस्तू असो वा ट्रस्टची, उद्या कुणी विचारलं तर हाच कागद उपयोगी येतो.

इनहेलर आणि उरलेली औषधं

पंप, म्हणजे दाबायचा इनहेलर, आतून ॲल्युमिनियमची दाबाखालची डबी असतो. ती भोसकायची नाही, शेकोटीत तर नाहीच. त्यातला एचएफए-१३४ए वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जबर आहे. रिकामी डबी प्लास्टिकपासून वेगळी काढा. प्लास्टिक सुक्या कचऱ्यात, डबी मुदत संपलेल्या औषधांबरोबर घरगुती घातक कचऱ्यात. तुमचं हॉस्पिटल किंवा केमिस्ट जुनी औषधं परत घेत असेल तर सगळ्यात बरं. नेब्युलायझरचे न फोडलेले रेस्प्यूल (औषधाच्या छोट्या प्लास्टिक कुप्या) शेजारच्यांना वाटू नका. उघडे, उरलेले थेंब सिंकमध्ये ओतण्याऐवजी वापरलेल्या चहापत्तीत मुरवून पिशवी बांधून टाका.

सोसायटीत एकदा गोळा करायचं असेल तर

एकट्या घराला जड जाणारं काम सोसायटीला सोपं जातं. रविवार सकाळ निवडा, संकलन करणाऱ्याची वेळ आधी पक्की करा. ग्रुपवर मेसेज टाकताना स्पष्ट लिहा: यंत्र पुसलेलं हवं, मास्क-नळ्या काढलेल्या हव्यात, बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत, सिलिंडर खाली आणू नये, फक्त त्याच्या खांद्याचा फोटो पाठवावा. टेबलावर दोन खोकी ठेवा, "चालतं, तपासायचं" आणि "बाद". तपासायच्या खोक्यासाठी ॲनलायझर असलेला टेक्निशियन तासाभरासाठी बोलावता आला तर फार चांगलं. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर १४-१६ किलोचा असतो, म्हणून आजी-आजोबांना तो लिफ्टपर्यंत ढकलायला लावू नका. वॉचमन किंवा कॉलेजची मुलं वर पाठवा.

काही घरांतून यंत्र येणार नाही. आजोबा जाऊन वर्ष झालं, तरी बायपॅप उशाशी तसंच असतं. अशा घरी दोनदा आठवण करून देऊ नका. त्यांना एवढंच सांगा की बॅटरी काढून ठेवा, पाण्याचं भांडं रिकामं करा आणि ठरेल तेव्हा फोन करा. संकलन करणाऱ्याचा नंबर नोटीस बोर्डवर लावलेला असू द्या.